दाबा, धरा, सोडा

सुरतेच्या डिंडोलीत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की ती आधी नाकाला कळते. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर डांगरं येतात (खरबुजाला आम्ही खानदेशी माणसं डांगरच म्हणतो) आणि दुपारच्या उन्हात त्यांचा असा काही वास सुटतो की साडीवर खडे चिकटवता चिकटवता माझा हात थांबतो. मग गल्ली रिकामी व्हायला लागते. आज हे घर, उद्या ते. कुणाच्या पुतण्याचं लग्न, कुणाच्या घरची पितरांची घागर, कुणाला माहेरचं बोलावणं. उधन्याच्या खात्यांत, म्हणजे पॉवरलूमच्या कारखान्यांत, मशीनं जागच्या जागी असतात, पण ती चालवणारे हात सगळे गावाकडे गेलेले असतात. शेटलोक कपाळाला हात लावून बसतात. बसा म्हणावं! वर्षभर आम्ही बसतोच की.

आम्हीही निघणारच आहोत. काल हे कामावरून आले, मोटरसायकल दारात उभी केली, पुढच्या ब्रेकचा लिव्हर दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "लिव्हर पोकळ लागतोय गं. घाट उतरायचाय. हवा काढायला पाहिजे."

हवा काढायची म्हटलं की मला ती आखाजी आठवते. तीन सणांच्या मागची म्हणा, चारच्या म्हणा, मी मोजलेलं नाही. पण त्या वैशाखात माझं घर कसं करकरत होतं ते मला पक्कं आठवतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. सगळी हयात उधन्यात लूमवर गेली. त्या खडखडाटानं त्यांचे कान घेतले. एका दिवसात नाही, हळूहळू. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. खातं सुटलं तेव्हा त्यांच्याबरोबर दोन गोष्टी घरी आल्या, बहिरेपणा आणि तेलाची कुप्पी. लांब चोचीची, पत्र्याची, पोचे पडलेली कुप्पी. तिच्यात लूमचं तेल. आप्पांचा देवावर नव्हता एवढा विश्वास त्या तेलावर होता. दाराची बिजागरी, पंखा, माझं शिवणयंत्र, वरच्या हंसाबेनचा झोपाळा, सगळ्यांना तेच तेल. स्वतःच्या गुडघ्यांनाही तेच! मी पदराआड नाक मुरडायचे. पण खोटं कशाला बोलू, आमच्या घरात काहीसुद्धा करकरत नव्हतं. ज्या माणसाला करकर ऐकू येत नव्हती, तोच ती बंद करत फिरायचा. हात लावला की त्यांना कळायचं म्हणे.

आमच्याकडची रीत अशी की सुनेनं सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि आवाज चढवायचा नाही. आणि माझ्या सासऱ्यांना आवाज चढवल्याशिवाय ऐकू येत नाही. आता बोला! सासूबाई होत्या तोवर निभावलं. मी त्यांच्या कानात सांगायचे, त्या आप्पांच्या कानात ओरडायच्या. त्या गेल्या आणि आमच्यातली बोलणीच संपली. ताट झालं की मी ते त्यांच्या नजरेसमोर ठेवायचे, चहा झाला की ओट्यावरचा दिवा चालू-बंद करायचे. एका छपराखाली इतकी वर्षं काढली, पण मी त्यांच्याशी सरळ एक वाक्य बोलले नव्हते. भांडणही नव्हतं, बरं का. उलट माया होती. पण माया दिव्याच्या बटणातून किती पोचणार?

त्या वर्षी आप्पांना दिसलं की गाडीच्या हँडलवरच्या ब्रेकच्या डबीत तेल खाली गेलंय. त्या डबीला बारकी काच असते, तिच्यातून दिसतं. आखाजीला पोरगा गाडीनं घाटातून जाणार, आणि ब्रेकमध्ये तेल कमी! आप्पांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, झाकण उघडलं, आणि आपल्या कुप्पीतलं लूमचं तेल त्यात काठोकाठ भरलं. मी आतून पाहिलं आणि मला बरंच वाटलं. तेल ते तेल, मला तरी काय ठाऊक!

पण ब्रेकचं तेल वेगळं असतं. त्यात दुसरं तेल गेलं की आतली रबरं फुगतात. फुगलेल्या रबरानं पलसाण्याच्या हायवेवर ह्यांचं पुढचं चाक चालत्या गाडीत जाम केलं. हे पलसाण्याच्या प्रोसेस मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवतात तिथे, फिटर आहेत, रोजचा तोच रस्ता. गाडी आडवी झाली. मागून कापडाच्या गाठी भरलेला ट्रक येत होता. ट्रकवाल्याचं भलं होवो, त्यानं वेळेत स्टिअरिंग फिरवलं.

कोपर सोललेलं, सदरा फाटलेला, असे हे घरी आले. ब्रेकची डबी उघडली, वास घेतला, आणि काय ते कळलं. आप्पा ओट्यावर बसून कौतुकानं बघत होते. म्हणाले, "तेल कमी व्हतं. मी भरी दिन्हं."

बहिऱ्या माणसावर रागावण्यात हेच वाईट आहे, आवाज चढवावाच लागतो. साधं 'असं नका करू' म्हटलं तरी शेजाऱ्यांना भांडण वाटतं. आणि इथे तर माणूस मरणाच्या दारातून आलेला. हे ओरडले, "मारायला निघाले होते का मला? आजपासून गाडीला हात लावायचा नाही! कशालाच हात लावायचा नाही!" वरून हंसाबेननं डोकं काढलं, "शुं थयुं, भाभी?" मी काय सांगू तिला? घाबरला की पुरुष ओरडतो, ह्यात काही नवल नाही. पण आप्पांना एवढं सगळं पहिल्यांदाच एका दमात ऐकू गेलं होतं. ते आपल्या हातांकडे बघत राहिले.

कुप्पी माळ्यावर गेली, जुन्या डब्यांच्या मागे. आप्पांनी स्वतःच ठेवली. आणि थोड्याच दिवसांत दाराची बिजागरी बोलायला लागली. मग पंखा. मग वरून हंसाबेनचा झोपाळा, करर, करर, भर दुपारी. आम्हाला ऐकू येत होतं, त्यांना नाही. लगीनसराईचा वैशाख, मिलमध्ये लाल साड्यांचा नुसता पूर आलेला, ह्यांच्या नखांत लाल रंग बसलेला, माझ्यासमोर लाल साड्यांची थप्पी. चहूकडे सनई आणि बॅंड, आणि आमच्या घरात तिघं तीन कोपऱ्यांत गप्प. आप्पांचं ताट अर्धं परत यायला लागलं.

मग एके सकाळी त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आखाजीला सासूबाईंच्या नावाची घागर भरायला गावी जायचंच होतं, तेव्हा पेटी भरण्यात विशेष काही नव्हतं. धोतरं ठेवली, सदरे ठेवले, गोधड्या ठेवल्या. आणि वर घडी करून माकडटोपी ठेवली. वैशाखात माकडटोपी! हा माणूस थंडीपर्यंत तिकडे राहायला निघालाय. म्हणजे परत यायचंच नाही. गावी काय आहे? एक बंद खोली, भिंतीला वाळवी आणि शेजारी कुणी नाही. कानांनी काही ऐकू न येणारा म्हातारा तिथे एकटा पडला झडला तर कुणाला हाक मारणार, आणि कुणी मारलेली हाक त्याला कशी कळणार?

मी ह्यांना सांगितलं. हे गेले, आप्पांसमोर उभे राहिले. आप्पांनी त्यांचे ओठ हलायची वाटसुद्धा पाहिली नाही. म्हणाले, "माले गावच बरं. आठे मना हात काही कामना नहीत." इथे माझे हात काही कामाचे नाहीत, म्हणे.

ह्यांच्या घराण्यात माफी मागता येत नाही. पिढीजात दुखणं आहे ते. हे बाहेर गेले, गाडीभोवती घुटमळले, परत आले आणि मोठ्यानं म्हणाले, "आप्पा, चेन करकरतेय जरा. तेल सोडता का?" आप्पांनी माळ्याकडे बोट दाखवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

इकडे गाडी उघडून ठेवलेली. एरवी हे काम गॅरेजवाला करतो, पण तोही आमच्याच बाजूचा, भाचीच्या लग्नाला गावी पळालेला. तेव्हा ह्यांनी नवीन रबरं आणली, नळी बदलली, सगळं धुऊन पुसून नवं ब्रेकचं तेल भरलं. एवढं झालं. राहिली होती ती हवा.

हे मला ह्यांनीच समजावलं, आणि मला ते फार पटलं. लिव्हर दाबला की नळीतलं तेल पुढे ढकललं जातं आणि चाकाची पकड आवळते. तेल दबत नाही, म्हणून जोर पुढे पोचतो. पण नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आपण दाबतो ती हवा, आणि हवा आपली दबून घेते. चाकाला पत्ताच नाही. बाहेरून गाडी झकास, तेल काठोकाठ, चकचकीत. दाबल्याशिवाय कळत नाही की आत काही पोचतच नाहीये. मी तेव्हा ह्यांच्याकडे पाहिलं, मग ओट्यावर पाठमोऱ्या बसलेल्या आप्पांकडे. काही बोलले नाही. तोंडाची मी फटकळ आहे, पण काही वेळा मलाही कळतं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं लिव्हर दाबायचा, परत दाबायचा, आणि दाबून धरायचा. दुसऱ्यानं खाली चाकाजवळचा बारका बोल्ट जरा ढिला करायचा. त्याला लावलेल्या पारदर्शक नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात. बोल्ट आवळला की मगच लिव्हर सोडायचा. आधी सोडला तर बाहेरची हवा परत आत.

पहिला मान माझा. उन्हं कलली होती, गाडी जिन्याखालच्या सावलीत. हे खाली चाकाच्या पलीकडे उकिडवे. "दाब. दाब. धर!" माझा हात खडे चिकटवणारा, चिमटीचा. लिव्हर कणकेत बोट जावं तसा आत जायचा. धरून धरून बोटं भरून आली आणि ह्यांनी 'सोड' म्हणायच्या आत सुटली. नळीत गुडगुड झालं.

"अगं बाई, जेवढी काढली तेवढी परत घातलीस!"

"मग घ्या दुसरी बायको, पैलवानाच्या घरची!"

हे हसले. त्या वैशाखात पहिल्यांदाच हसले असतील. मग म्हणाले, "न थकणारा हात पाहिजे." आणि आम्ही दोघांनीही एकदमच ओट्याकडे पाहिलं. आयुष्यभर लूमचा दांडा ओढलेला हात तिथे गुडघ्यावर रिकामा पडला होता.

"बोलवा की," मी म्हटलं.

"तू बोलव."

"मी? मी कधी बोललेय त्यांच्याशी?"

हे उठले. तेलाचे हात तसेच पुढे धरून आप्पांसमोर जाऊन उभे राहिले आणि ओठ नीट हलवत म्हणाले, "आप्पा, तुमना हात पाहिजे."

"मना?"

"तुमनाच."

आप्पा उठले. मी स्टूल ठेवलं. त्यांनी लिव्हरवर चार बोटं ठेवली, आणि ती बोटं बघूनच मला वाटलं, आता होतंय काम.

कसलं होतंय! हे खाली चाकाआड, आप्पा वर हँडलपाशी. ह्यांचे ओठ दिसत नाहीत, आवाज पोचत नाही. हे ओरडले "धरा", आणि आप्पांनी नेमका सोडला. गुडगुड. "अहो, सोडलं कशाला!" हे खालून वैतागले. आप्पांना शब्द ऐकू आले नाहीत, पण माझा पडलेला चेहरा दिसला. त्यांना कळलं. त्यांनी लिव्हरवरचा हात काढला आणि उठण्यासाठी गुडघ्यावर टेकवला.

ते उठले असते तर पुन्हा बसले नसते. पेटी भरलेली होती, माकडटोपी वरच होती.

सासूबाई सांगायच्या, खात्यात कुणी कुणाला हाक मारत नाही, त्या गोंगाटात उपयोगच नसतो. मागून जाऊन खांद्यावर थाप मारतात. एवढंच आठवलं मला. मी पदर दातात धरला आणि माझा हात आप्पांच्या खांद्यावर ठेवला.

ते दचकले. मान वळवून बघायला लागले. लग्नात पाया पडताना बोटं लागली असतील तेवढीच. त्यापलीकडे मी कधी त्यांना हात लावला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरून हंसाबेन बघत असेल, गल्ली बघत असेल. बघू दे! मी खांद्यावर थोपटलं, एकदा, परत एकदा. दाबा. त्यांनी मान पुढे केली आणि दाबलं. मी तळवा घट्ट टेकवला. धरा. लिव्हर लोखंडात गाडल्यासारखा थांबला. खालून ह्यांनी बोल्ट उघडला, आवळला, "सोडा!" म्हणाले, आणि मी हात उचलला. आप्पांनी सोडलं.

मग सूर लागला. हे खालून बोलायचे, माझ्या हातातून ते आप्पांच्या खांद्यात जायचं, खांद्यातून बोटांत, आणि बोटांतून नळीत. बाटलीत आधी नुसता फेस आला. मग मटाराएवढे बुडबुडे, मग मोहरीएवढे. हे मध्येच उठून डबीत तेल घालत होते. आप्पा सगळं तळव्याखाली ऐकत होते. आणि माझ्या तळव्याला कळत होतं, सदऱ्याखाली त्या माणसाचं नुसतं हाड राहिलंय. अर्धी ताटं परत येत होती ती मी रोज पाहत होते, पण खांद्याला हात लागला तेव्हा समजलं किती. मला रडू आलं. पदर दातात होता म्हणून बरं.

"बास," हे म्हणाले. "संपली हवा."

नळीत निव्वळ तेल होतं. मी हात उचलला नाही, म्हणून आप्पांनीही सोडलं नाही. ह्यांनी उठून बघितलं, एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे, आणि हात पुसायला लागले. मग मी हात उचलला. आप्पांनी लिव्हर पुन्हा एकदा दाबला आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "दगड!"

वरून हंसाबेन, "शुं थयुं?"

"सारुं थयुं, बेन!" मी ओरडले. सासऱ्यापुढे ओरडले. व्हायचं ते झालं.

गाडी चालवून बघायची होती. हे बसले, किक मारली. आप्पा पुढे झाले आणि हँडल धरलं. "मांगे मी बसस. तू एकला नको जाऊ." हे म्हणाले, "आप्पा, आधी ब्रेक लागतोय का बघू तर द्या." पण आप्पांना कुठलं ऐकू येतंय! ते धोतर सावरून मागे बसलेसुद्धा. आपल्या हातून पोराच्या जिवावर बेतलं होतं. आता ब्रेक लागला नाही तर आपण बरोबर असू, एवढाच त्यांचा हिशेब. दोघं पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. मी रस्त्यावर उभी. तिथे ह्यांनी कचकन ब्रेक मारला आणि गाडी जागच्या जागी थांबली. आप्पांचं नाक ह्यांच्या पाठीवर आपटलं. परत आले तेव्हा नाक लाल आणि चेहरा नव्या नवरदेवासारखा.

गावी मी पेटी घेऊन बसनं गेले, बापलेक गाडीनं. कोंडाईबारीचा घाट आला आणि मागे बसलेल्या आप्पांनी ह्यांच्या खांद्यावर थोपटायला सुरुवात केली. वळण आलं की थाप, उतार आला की तळवा घट्ट, सरळ रस्ता आला की हात वर. आख्खा घाट! हे घरी पोचले ते खांदा चोळत. "माझ्या गाडीला आता दोन ब्रेक आहेत," म्हणाले, "एक चाकाला, एक मला."

सासूबाईंच्या नावाची घागर भरली, वर डांगर ठेवलं, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवला. गावच्या पोरी निंबावरच्या झोक्यावर होत्या. सण गोड झाला, पण माझं मन पेटीत. पेटी खोलीच्या कोपऱ्यात तशीच, आणि निघायची सकाळ उजाडली. ती उचलावी की ठेवावी? विचारायचं कसं, आणि उत्तर 'ठेव' आलं तर? मी दारात उभी राहिले. आप्पा आले, पेटीला कुलूप लावलं आणि ती उचलून माझ्या पिशव्यांशेजारी ठेवली. मग ते ह्यांना नाही, मला म्हणाले, सरळ माझ्याकडे बघून, "मनी कुप्पी सुरतले राही गयी."

आणि जाऊन गाडीवर मागे बसले.

गेल्या दिवाळीत आप्पांना कानाचं मशीन घेतलं. आता त्यांना कुकरची शिट्टी ऐकू येते, झोपाळा ऐकू येतो आणि माझी बडबडही. पहिल्या दिवशी म्हणाले, घरात एवढं बोलतात हे मला माहीतच नव्हतं! पण ब्रेकच्या डबीला ते आपणहून हात लावत नाहीत. फक्त चेन त्यांची.

काल हे "हवा काढायला पाहिजे" म्हणाले ते आप्पांनी ओट्यावरून ऐकलं. आज उन्हं कलायच्या आत त्यांनी स्वतःच स्टूल आणून गाडीशी ठेवलं. हे पाना घेऊन चाकापलीकडे बसले. मी साड्या बाजूला सारून दारात आले, म्हटलं, आता माझं काय काम, आता ऐकू येतं त्यांना. हे नुसतं 'धरा' म्हणतील आणि ते धरतील.

आप्पांनी लिव्हरवर बोटं ठेवली. मग काहीतरी आठवल्यासारखं करून उजवा हात काढला, कानातलं मशीन उपसलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात घातलं. आणि माझ्याकडे न बघता, खांदा जरासा खाली करून बसून राहिले.

"आप्पा, अहो, ऐकू येतं ना आता तुम्हाला!" मी म्हटलं. पण मशीन खिशात होतं.

मी पदर दातात धरला.